ॲम्बेसेडरचे पुढचे टॉर्शन बार उतरवायचे आहेत. कुणी स्वतः काढलेत का?

कृष्णाकाठ | मंगळ, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे १९६४ ची ॲम्बेसेडर आहे, मार्क २. वडिलांनी ती १९७८ साली सेकंड हँड घेतली. वडील जाऊन सहा वर्षं झाली. गाडीसोबत त्यांची एक लांबट वही मिळाली. पेट्रोल किती भरलं, किती किलोमीटर झाले, मिस्त्रीला किती दिले, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. गाडी चालू ठेवायची हे मी तेव्हाच ठरवलं. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग करून झालं. आता पुढच्या सस्पेन्शनवर आलोय.

गाडी सपाट फरशीवर उभी करून समोरून बघितली की डावीकडे झुकलेली दिसते. मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजलं, तर डावी बाजू उजवीपेक्षा अडीच सेंटिमीटर खाली आहे. खड्ड्यात डावं चाक गेलं की धातूवर धातू आपटल्यासारखा आवाज येतो.

सांगलीत तीन मिस्त्रींना दाखवली. पहिला म्हणाला, बार गेला, दुसरा शोधा. दुसरा खाली वाकून बघून आला आणि हात पुसत म्हणाला, "मालक, ह्यो दांडा साठ वर्सं बसलाय तितं, त्येला हात लावू नगा." तिसरा गॅसने तापवून काढून देतो म्हणाला. तिघांनी तीन वाटा दाखवल्या, म्हणून इथे विचारतोय.

१. बार खरंच "बसतो" का, की दोष दुसरीकडे असतो?
२. घरच्या घरी काढता येतो का? माझ्याकडे ट्रॉली जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पान्यांचा पूर्ण सेट आणि मदतीला भाचा आहे.
३. गॅस लावावा का?

---

एसटीवाला | मंगळ, रात्री १०:०५

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो. गॅस लावू नका. बाकीचं सकाळी लिहितो.

---

नवखा_चालक | मंगळ, रात्री १०:२०

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. टॉर्शन बार म्हणजे नेमकं काय? आमच्या आजोबांच्या ॲम्बीच्या मागे पाटे होते, ते आठवतात. पुढे स्प्रिंग कधी दिसलीच नाही.

---

एसटीवाला | बुध, सकाळी ६:५०

@नवखा_चालक, दिसली नाही कारण तिथे गुंडाळलेली स्प्रिंग नाहीच. पुढच्या प्रत्येक चाकामागे गाडीच्या लांबीच्या दिशेने एक पोलादी दांडा जातो. त्याचं पुढचं टोक चाक धरणाऱ्या खालच्या आर्ममध्ये दात्यांनी बसवलेलं असतं आणि मागचं टोक गाडीखालच्या आडव्या पट्टीला लिव्हरने जखडलेलं असतं. चाक वर गेलं की आर्म वर जातो, दांडा पिळला जातो, आणि तो पीळ सुटताना चाक परत खाली येतं. खरं तर साध्या कॉइल स्प्रिंगची तारसुद्धा दाबताना पिळलीच जाते. तीच तार सरळ ताणून ठेवली की टॉर्शन बार झाला.

@कृष्णाकाठ, मी एसटीच्या वर्कशॉपमध्ये एकतीस वर्षं काढली. तिथे सगळा पाट्यांचा कारभार, त्यामुळे बारचा अनुभव घरच्या गाडीपुरताच आहे. तरी एक विचारतो. डावी बाजू खाली आहे हे कशावरून? उजवी वर असेल तर? तुम्ही दोन बाजूंमधला फरक मोजलाय. टायरची हवा सारखी करा, पेट्रोलची टाकी निम्मी ठेवा, गाडी पुढून चार वेळा दाबून सोडा आणि मग प्रत्येक बाजू जमिनीपासून स्वतंत्र मोजा. मागचे पाटेही मोजा. मागचा उजवा पाटा थकला असेल तर पुढची डावी बाजू उचललेली दिसते, आणि उलटही होतं.

---

पद्मिनीप्रेमी | बुध, सकाळी ८:३०

राग मानू नका, पण एवढी यातायात कशाला? माझ्या पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. कंप्रेसर लावला, स्प्रिंग काढली, दुसरी घातली, दुपारच्या जेवणाआधी काम संपलं. मुंबईत काही जणांनी ॲम्बीचं पुढचं सस्पेन्शन बदलून दुसऱ्या गाडीचं कॉइलवालं बसवलेलं मी पाहिलंय. एकदाच खर्च, पुन्हा कटकट नाही.

---

किंगपिन | बुध, सकाळी ९:१५

@पद्मिनीप्रेमी, पद्मिनीवर माझंही प्रेम आहे, पण हा सल्ला देऊ नका. १९६४ ची गाडी पन्नास वर्षांच्या पुढे गेली आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार चालत नाही. पुढचा भाग कापून दुसरं सस्पेन्शन वेल्ड केलं की तो मार्ग बंद. शिवाय मूळ रचनेत वाईट काय आहे? चाकाचा सगळा भार पुढच्या पत्र्यावर न येता मागे, गाडीच्या मध्याजवळ नेला जातो. पुढे उंच स्प्रिंग नसल्यामुळे इंजिनच्या बाजूला हात घालायला जागा राहते.

@कृष्णाकाठ, मी दोन ॲम्बेसेडरचे मिळून चार बार काढलेत. संध्याकाळी सविस्तर लिहितो. तोपर्यंत बारच्या दोन्ही टोकांना झिरपणारं तेल मारायला सुरुवात करा. आज, उद्या, परवा, सकाळ-संध्याकाळ.

---

पद्मिनीप्रेमी | बुध, सकाळी ९:४०

नंबरप्लेटचा मुद्दा लक्षात नव्हता. सल्ला मागे घेतो. तुमच्या लेखाची वाट बघतोय.

---

लेस्टरकर | बुध, दुपारी २:१०

इंग्लंडमधून लिहितोय. माझ्याकडे १९६२ ची मॉरिस मायनर आहे. ॲम्बेसेडर ही मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्रीवरून आलेली, त्यामुळे दोघी एकाच घरातल्या. १९४८ च्या मायनरमध्ये ॲलेक इसिगोनिस यांनी पुढे टॉर्शन बार घातले आणि त्याच वर्षीच्या ऑक्सफर्डमध्येही तीच मांडणी होती. त्याआधी १९३४ मध्ये सिट्रोएनने ट्रॅक्सियों आवाँमध्ये बार वापरले होते. पुढे १९५९ ची मिनी काढणारे इसिगोनिस ते हेच.

माझ्या अनुभवातून दोन गोष्टी.

पहिली म्हणजे बार काढायच्या आधी तो मागे जिथे जखडलाय ती आडवी पट्टी तपासा. मायनरमध्ये ही पट्टी टोकांना गंजते. बाहेरून काळा रंग छान दिसतो, आत पापड झालेला असतो. जुना स्क्रू ड्रायव्हर घेऊन जोर लावून टोचून बघा. आत गेला तर बारचं काम थांबवा आणि आधी पत्र्याचं करा. सगळा पीळ त्या पट्टीवरच तोललेला असतो.

दुसरी गोष्ट ट्रनियनची, म्हणजे चाकाच्या खुंट्याच्या आट्यांच्या सांध्याची. मायनरमध्ये चाकाचा खुंटा वर-खाली आट्यांनी बसवलेला असतो. ग्रीस मिळालं नाही की आटे झिजतात, आणि एक दिवस वळताना चाक आत दुमडून गाडी नाकावर बसते. माझ्या शेजाऱ्याची बसली होती, नशिबाने गल्लीतच. इथे चाळीस वर्षांपुढच्या गाड्यांना वार्षिक तपासणीतून सूट आहे, त्यामुळे ही जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते. तुम्ही बारसाठी तो सांधा सोडणारच आहात, तेव्हा आटेही बघून घ्या.

---

किंगपिन | बुध, रात्री ८:५५

शब्द दिला होता, लिहितो. लांब होईल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी. बार पिळलेला असताना मागच्या लिव्हरचा बोल्ट सोडायचा नाही. गाडी उभी असताना त्या दांड्यात पुढच्या चाकावरचं सगळं वजन पिळाच्या रूपात साठलेलं असतं. आधी पीळ उतरवायचा, मग बोल्टला पाना लावायचा. हा क्रम कधीही उलटा करू नका.

गाडी सपाट जागी घ्या. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा. पुढच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. मग पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना घोड्या द्या. घोडी मजबूत भागाखाली हवी, आर्मखाली नको, कारण आर्म आपल्याला खाली सोडायचा आहे. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरणारे मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका.

चाक काढा. ट्रॉली जॅक खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली, ट्रनियनजवळ लावा आणि आर्म जरासा उचलला जाईल इतकाच वर घ्या. आता सगळा पीळ जॅकच्या हातात आहे. स्टिअरिंगचा टाय रॉड सोडा. ब्रेकचा होज ताणला जातोय का बघा. ड्रम होजवर लोंबकळू देऊ नका, तारेने वर बांधा.

मग वरचा सांधा, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बरच्या हाताला जोडलेला. ॲम्बीच्या या जुन्या मॉडेलमध्ये वरचा आर्म हाच शॉकचा हात असतो. तो सुटला की चाकाचा खुंटा बाहेर कलतो, त्याला धरायला भाचा लागेल. आता जॅक हळूहळू खाली. हळूहळू म्हणजे झडप जेमतेम उघडायची, दोन बोटं खाली, थांबायचं, बघायचं. कुणाचाही पाय किंवा गुडघा आर्मच्या रेषेत नको. जॅक आर्मपासून सुटला आणि आर्म हाताने हलवता आला की पीळ संपला. हाताला विरोध होत असेल तर अजून बाकी आहे.

आता कुठे मागचं टोक. आधी तारेच्या ब्रशने साफ करा आणि पांढऱ्या रंगाने दोन्ही टोकांना बार आणि त्याच्या घराला जोडणारी रेघ ओढा. फोटो काढा. बारवर डावा-उजवा लिहून चिंधी बांधा. मग बोल्ट सोडा आणि लिव्हर मागे सरकवा.

आणि इथे बहुतेक वेळा काहीच सरकत नाही. दाते गंजाने एकजीव झालेले असतात. त्यासाठी तेल. घाई करू नका. जॅकने आर्म थोडा वर, थोडा खाली असा वीस-पंचवीस वेळा करा, त्याने दात्यांमधला गंज फुटतो. लिव्हरला पितळी पंच लावून बेताने ठोका. बारच्या अंगावर हातोडा मारू नका, चिमट्याने पकडू नका, छिन्नी तर लांबच. माझा तिसरा बार पाच दिवस हलला नाही. सहाव्या दिवशी लिव्हरवर किटलीभर उकळतं पाणी ओतलं, दोन ठोके दिले आणि "टक्" आवाज झाला. तो आवाज ऐकून घरातले बाहेर आले होते.

---

लोहार_गल्ली | बुध, रात्री ९:३०

एवढं सगळं सोडायची गरज नाही. आम्ही वरचा सांधा तसाच ठेवून मागच्या लिव्हरला चार फुटी पाइप लावतो, एकजण धरतो, दुसरा बोल्ट काढतो, मग पाइप हळू सोडतो. अर्ध्या तासात बार हातात.

---

आडवळण | बुध, रात्री १०:१५

@लोहार_गल्ली, हात जोडून विनंती आहे, हे कुणाला शिकवू नका. २००३ मध्ये एका गॅरेजमध्ये माझ्या गाडीवर हाच प्रयोग झाला. पाइप धरणाऱ्या मुलाचा तेलाने माखलेला हात घसरला. लिव्हर फिरला, पाइप उडाला आणि त्याच्या मनगटावर बसला. दोन हाडं मोडली, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. आजही त्याची मूठ पूर्ण वळत नाही. गाडी माझी होती, मी तिथेच चहा पीत उभा होतो. ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही.

---

लोहार_गल्ली | बुध, रात्री १०:४०

वाचून वाईट वाटलं. आमच्याकडे आजवर काही झालं नाही, पण होणार नाही असं म्हणता येत नाही, हे खरं. यापुढे पीळ जॅकवर उतरवूनच काम करू.

---

धातुवेडी | गुरु, सकाळी ७:३०

मी धातुशास्त्र शिकवते. गॅसबद्दल "नको" इतकंच सगळे सांगतायत. का नको, ते सांगते.

टॉर्शन बार स्प्रिंग स्टीलचा असतो. तो लालभडक तापवून तेलात थंड करतात, त्याने तो काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो. मग साधारण ४०० ते ५०० अंशांवर पुन्हा तापवून त्याला चिवटपणा देतात. नंतर कधीही तो त्या तापमानापुढे गेला की तिथला कडकपणा कायमचा जातो. पोलाद अंधारात मंद लाल दिसू लागतं तेच ५०० च्या पुढे. म्हणजे गॅसच्या ज्योतीखाली दात्यांना लाली आली, की तो भाग स्प्रिंग राहिला नाही. बार सुटेल, परत बसेलही, आणि दोन महिन्यांनी गाडी बसेल. @किंगपिन यांचं उकळतं पाणी १०० अंशांवरचं, त्याने काहीही बिघडत नाही. फार सुंदर युक्ती आहे.

दुसरं, ओरखडे. दांडा पिळला जातो तेव्हा सगळ्यात जास्त ताण पृष्ठभागावर असतो, मध्यभागी जवळपास शून्य. त्यामुळे चिमट्याचा एक दात उमटला तरी भेग तिथूनच सुरू होते. म्हणून बारला रंगाचं जाड आवरण असतं. ते खरवडलं गेलं असेल तर बारीक एमरीने, दांड्याच्या लांबीच्या दिशेने घासून पुन्हा रंगवा.

तिसरं फारसं कुणी सांगत नाही. गंज काढायला बार ॲसिडमध्ये बुडवू नका. ॲसिडमुळे हायड्रोजन पोलादात शिरतो आणि इतकं कडक पोलाद काही दिवसांनी कसलीही सूचना न देता तुटू शकतं. लेथवर साफ करायचा मोहही टाळा. दांड्याचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. समजा २० मिमीचा दांडा घासून १९ मिमी केला, तर तो पाच टक्के नव्हे, जवळपास साडेअठरा टक्के मऊ होतो.

चौथं, डावा-उजवा. कारखान्यात असे बार ज्या दिशेला गाडीत पिळले जाणार, त्याच दिशेला एकदा मर्यादेपलीकडे पिळून सोडतात. त्यामुळे पृष्ठभागावर उलट्या दिशेचा ताण कायमचा राहतो आणि रोजच्या कामात तो मदत करतो. हाच बार दुसऱ्या बाजूला घातला तर तो ताण मदतीऐवजी विरोधात जातो. चिंधी बांधायला म्हणूनच विसरू नका.

---

नवखा_चालक | गुरु, सकाळी ८:१०

ताई, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. वाचनखूण साठवली.

---

रणगाडा | गुरु, सकाळी ११:००

जय हिंद. थोडं अवांतर, पण विषयाला धरून आहे.

मी सैन्याच्या ईएमईमधून (वाहनं-यंत्रं दुरुस्त करणारा विभाग) निवृत्त झालो. विजयंता आणि टी-७२ रणगाड्यांवर काम केलं. दोन्हींची चाकं टॉर्शन बारवरच. एका बाजूला सहा चाकं, म्हणजे एका रणगाड्याला बारा बार, आणि ते गाडीच्या पोटाखालून आडवे जातात. सेंच्युरियनची तऱ्हा वेगळी, त्याला बाहेरून कॉइल स्प्रिंग. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात दोन्ही तऱ्हांचे रणगाडे उभे आहेत, वाकून फरक बघता येतो.

तुटलेला बार काढायची वेळ आली की खरी परीक्षा. अर्धा इकडून निघतो आणि उरलेला तुकडा आत अडकून बसतो. आमचे उस्ताद नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचे, बार आणायला जाल तेव्हा लहान बाळासारखा आणा, आपटू नका. चाळीस टन तोलणारा दांडा आम्ही चादरीत गुंडाळून आणायचो. पोरं हसायची. @धातुवेडी ताईंचा ओरखड्याचा परिच्छेद वाचला आणि उस्तादांना मनोमन सलाम केला.

---

भटका_सुमो | गुरु, दुपारी १:२०

टाटा सुमो आणि क्वालिसलाही पुढे टॉर्शन बारच. तिथे मागच्या टोकाला ॲडजस्टिंग बोल्ट असतो, तो फिरवला की गाडी वर-खाली. ॲम्बीत तशी सोय नाही का? असेल तर काढायचंच कशाला?

---

किंगपिन | गुरु, दुपारी ३:४५

@भटका_सुमो, बोल्ट फिरवून उंची मिळते, पण खालच्या आर्मचे रबर बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्या) गेले असतील तर नुसती उंची वाढवून आवाज जात नाही. धाग्याच्या सुरुवातीला धातूवर धातू आपटल्याचं लिहिलंय, माझा संशय बुशवर आहे. आणि ते बदलायचे तर बार सोडावाच लागतो.

परत बसवताना एक लक्षात ठेवा. दोन्ही टोकांचे दाते मोजा. दोन टोकांना वेगळी संख्या असेल तर त्यात मोठी सोय दडलेली असते. समजा एकीकडे २४ आणि दुसरीकडे २५ आहेत. २४ वाल्या टोकाचा एक दात म्हणजे १५ अंश, २५ वाल्याचा १४.४. एक टोक एक दात पुढे आणि दुसरं एक दात मागे घेतलं की निव्वळ फरक ०.६ अंशाचा. तीस सेंटिमीटरच्या आर्मला तो साधारण तीन मिलिमीटर होतो. नुसता एकाच टोकाचा दात हलवला तर तोच फरक पावणेआठ सेंटिमीटरचा! म्हणून रेघा ओढल्याशिवाय काढू नका.

---

एसटीवाला | गुरु, रात्री ९:००

@कृष्णाकाठ, माझा मोजमापाचा प्रश्न तसाच राहिलाय. चौथा दिवस उजाडायच्या आत मोजा बघू.

---

कृष्णाकाठ | शनि, रात्री ११:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळी सातला सुरुवात केली, आत्ता हात धुऊन बसलोय.

@एसटीवाला काका, मोजायला उशीर झाला, माफ करा. हवा सारखी केली, गाडी दाबून सोडली, मागचे पाटे मोजले. मागे दोन्ही बाजू सारख्या. मग पुढे. डावी बाजू खाली होती, पण थोडीच. उजवी मात्र जितकी असायला हवी त्यापेक्षा स्पष्ट वर होती. तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर जागी बोट ठेवलं होतं.

आडवी पट्टी स्क्रू ड्रायव्हरने टोचून पाहिली. चार ठिकाणी दाबलं, टणक आहे. ट्रनियनचे आटेही बघितले. जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालं होतं, आटे शाबूत आहेत. वडील दर रविवारी ग्रीस गन घेऊन गाडीखाली जायचे, त्याचा अर्थ आज कळला.

डाव्या बाजूला सगळं @किंगपिन यांनी लिहिल्याप्रमाणे. जॅक खाली घेताना भाचा मोठ्याने बोटं मोजत होता. आर्म मोकळा झाला तेव्हा तो हाताने हलवून बघितला, अगदी दाराच्या बिजागरीसारखा हलका. मागचं टोक तीन दिवसांच्या तेलाने तयार झालं होतं. आर्म बारा-पंधरा वेळा वर-खाली केला, लिव्हरवर पितळी पंचाने चार ठोके, आणि निघाला. उकळत्या पाण्याची वेळच आली नाही. बारवर जुना काळा रंग जवळपास पूर्ण आहे, एकही ओरखडा नाही. खालच्या आर्मचे बुश मात्र रबर म्हणायच्या लायकीचे नव्हते. बोटाने दाबलं तर चुरा झाला. आतली नळी सरळ धातूवर घासत होती. आवाज तिथलाच.

मग उजवी बाजू. पीळ उतरवून मागचा बोल्ट काढला आणि लिव्हर सरकवला, तर त्याच्या आणि पट्टीच्या मधून तीन जाड वॉशर खाली पडले. डावीकडे असं काहीच नव्हतं. लिव्हरला उचल मिळावी म्हणून कुणीतरी मुद्दाम घातलेले. भाचा म्हणाला, मामा, आजोबांची वही बघू या.

बघितली. १९८७, मे महिना. निळ्या शाईत लिहिलंय: "पुढची उजवी बाजू बसत होती. मिस्त्रीकडून उचलून घेतली. ४० रु." वडील अंगाने भारी होते आणि नोकरीच्या फिरतीत बहुतेक वेळ एकटेच गाडीत असायचे, ड्रायव्हरच्या बाजूला. त्यांच्या वजनाला उजवी बाजू झुकायची, म्हणून ती उचलून घेतलेली. सदतीस-अडतीस वर्षं गाडी त्यांच्या वजनाप्रमाणे सेट केलेली राहिली, आणि मी पन्नास-पंचावन्न किलोचा माणूस ती चालवत होतो.

बार दोन्ही चांगले आहेत. चिंध्या बांधून चादरीत गुंडाळून ठेवलेत, @रणगाडा साहेब. नवे बुश सोमवारी कोल्हापूरहून येतील.

---

रणगाडा | रवि, सकाळी ६:१५

चादरीचं वाचून बरं वाटलं. शाबास, दोघांनाही.

---

धातुवेडी | रवि, सकाळी ८:००

बुश बसवताना एक काळजी घ्या. आर्मचे नट गाडी घोड्यांवर लोंबकळत असताना शेवटचे घट्ट करू नका. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पूर्ण आलेलं, तेव्हाच आवळा. नाहीतर नवं रबर कायम पिळलेलं राहून सहा महिन्यांत फाटेल.

---

आडवळण | रवि, सकाळी ९:३०

भाच्याला माझ्याकडून एक पेढा द्या. आणि ते तीन वॉशर फेकू नका.

---

कृष्णाकाठ | गुरु, रात्री ८:२०

बुश बसले. @धातुवेडी ताईंनी सांगितल्याप्रमाणे गाडी जमिनीवर उतरवून, भाच्याला ड्रायव्हरच्या सीटवर बसवून नट आवळले. वॉशर न घालता दोन्ही बाजूंत आता चार मिलिमीटरचा फरक आहे. तो तसाच ठेवतोय. संध्याकाळी अंकलखोपच्या रस्त्याने जाऊन आलो. तीच पुलाजवळची खड्ड्यांची ओळ, आवाज नाही.

वॉशर धुऊन, तेल लावून वहीच्या त्या पानाजवळ दोऱ्याने बांधलेत. आजच्या तारखेची नोंद खाली केली आहे: पुढचे बुश दोन्ही बाजू, टॉर्शन बार उतरवून परत, घरी. मजुरी: एक पेढा.

---

एसटीवाला | गुरु, रात्री ८:४५

पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा मोजा. नवे बुश थोडे बसतात.